राणीच्या बागेत सातवीची सहल: झाडांपाशी नेमकं काय करून घ्यावं?

शाळेची_घंटा

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सातवीच्या दोन तुकड्या, मिळून ५८ मुलं, भायखळ्याच्या राणीच्या बागेत न्यायची आहेत. शाळा डोंबिवलीची, मराठी माध्यम, राज्य मंडळ. सोबत चार शिक्षक आणि दोन पालक. बस पावणेदहापर्यंत पोचेल, एक वाजता डबे, साडेतीनला परतीचा प्रवास. म्हणजे झाडांसाठी हातात पावणेतीन तास धरले आहेत.

सातवीला ‘वनस्पती : रचना व कार्ये’ हा धडा आहे. मूळ, खोड, पानाचे भाग, साधं आणि संयुक्त पान, फुलाची मंडलं, फळ हे सगळं त्यात येतं. आमच्याकडची जुनी पद्धत म्हणजे ४० झाडांची यादी द्यायची आणि मुलांनी पाट्या बघून वहीत नावं उतरवायची. ती मला मोडायची आहे, पण तिच्या जागी काय ठेवायचं ते नीट ठरत नाहीये. म्हणून विचारते:

१) इतक्या वेळात किती झाडं घ्यावीत आणि कोणती?
२) बागेत काहीही तोडायला मनाई आहे. मग पान-फूल हातात घेऊन शिकवायचं कसं?
३) झाडाची उंची आणि घेर मोजायला सांगायचा विचार आहे. सातवीच्या मुलांना जमेल अशी पद्धत कोणती?
४) बाष्पोच्छ्वासाचा (पानांतून पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडण्याचा) पिशवीचा प्रयोग तिथे होईल का?
५) पेंग्विन आधी की नंतर?

शाळेकडे भिंगं १२ आहेत, मोजपट्ट्या भरपूर, सूक्ष्मदर्शक दोन (ते शाळेतच राहतील).

---

सोनसावर

घंटाताई, यादी मोडताय हे उत्तम. ५८ मुलांना पावणेतीन तासांत चार झाडं पुरतात. चारच. प्रत्येक झाडापाशी अर्धा तास, मधल्या चालण्याला आणि हजेरीला दहा-दहा मिनिटं, की साडेबारा वाजलेच. मुलांचे चार गट करा (१४-१५ मुलं, एक शिक्षक), गटात तिघातिघांचे छोटे गट. चारही गट वेगवेगळ्या झाडापासून सुरू करतील आणि पुढे सरकतील, म्हणजे एका बुंध्याभोवती ५८ जणांची झुंबड होणार नाही.

सहलीच्या आठ-दहा दिवस आधी एका शिक्षकाने स्वतः जाऊन ही झाडं बघून यायला हवीत. कुठलं झाड फुलावर आहे, कुठलं बोडकं झालंय, कुठे दुरुस्तीसाठी वाट बंद आहे हे त्या आठवड्यात गेल्याशिवाय कळत नाही. बुधवारी बाग बंद असते, तो दिवस टाळून जा.

आता झाडं.

कैलासपती. याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट बुंध्यातून लोंबणाऱ्या दांड्यांवर येतात. फणस आणि उंबर मुलांनी पाहिलेले असतात, तेव्हा ‘बुंध्यावर फळ धरणारं आणखी कोणतं झाड?’ हा प्रश्न त्यांना पकडता येतो. तोडायला मनाई असली तरी खाली ताजी फुलं पडलेली असतात आणि तीच तुमचं साहित्य. सकाळी उचला, दुपारपर्यंत पाकळ्या तपकिरी होऊन लिबलिबीत होतात. फूल पांढऱ्या कागदावर ठेवा. सहा जाड, मांसल पाकळ्या. मध्ये अंडाशयाभोवती आखूड पुंकेसरांचं दाट कडं, आणि एका बाजूने निघून त्यावर फणीसारखा वाकलेला पुंकेसरांचा दुसरा गुच्छ. भिंगातून दोन्ही गुच्छांची लांबी, रंग, परागकण ताडून बघायला सांगा. कड्यातले परागकण बीजधारणेच्या कामाचे, फणीतले मधमाश्यांना खाऊ म्हणून. मधमाशी फणीतला खाऊ गोळा करायला या दोन्हींच्या मधल्या फटीत शिरते तेव्हा तिची पाठ कशाला घासत असेल, हे मुलांनी फुलाकडे बघून सांगायचं. उत्तर फुलातच आहे, तुम्ही सांगू नका.

दोन खबरदाऱ्या. एक, याचं फळ तोफगोळ्याएवढं आणि तेवढंच जड वाटावं असं असतं, ते वरून पडतं. फुलं शिक्षकाने वेचायची आणि मुलांना फळांच्या टप्प्याबाहेर बसवून द्यायची. दुसरी, ‘कैलासपती’ नावामुळे आणि फुलाच्या आकारामुळे हे झाड आपल्याकडचं प्राचीन असल्याचं मुलं (आणि पालकही) धरून चालतात. हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. काही जण याला नागचाफा म्हणतात, पण नागचाफा वेगळा. त्याचं फूल पांढऱ्या चार पाकळ्यांचं, मध्ये पिवळा पुंजका.

सीता अशोक आणि आसुपालव, जोडीने. शाळेच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो त्याला सगळे अशोक म्हणतात. तो आसुपालव. त्याचं पान साधं, लांब, कडा लाटांसारख्या. खऱ्या अशोकाचं पान संयुक्त, चार ते सहा जोड्या पर्णिकांचं (पर्णिका म्हणजे संयुक्त पानाचा एकेक छोटा भाग), आणि कोवळी पालवी तांबूस व मलूल लोंबणारी. दोन्ही झाडं एकापाठोपाठ दाखवली की साधं-संयुक्त हा भेद वेगळा शिकवावा लागत नाही. अशोक फुलावर असला तर मोठाच लाभ: त्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात, केशरी रंग निदलपुंजाचा, म्हणजे फुलाच्या सर्वांत बाहेरच्या मंडलाचा असतो. डिसेंबरात बहर हमखास नसतो, म्हणून पर्याय म्हणून बोगनवेल धरून ठेवा. तिथे रंगीत कागदासारखी तीन असतात ती पाकळ्या नव्हेत, पानंच आहेत रंगलेली. खरं फूल म्हणजे त्यांना चिकटलेली बारीक नळी.

गोरखचिंच. त्या सुमारास पानं गाळायला लागलेली किंवा पूर्ण बोडकी असेल. ‘पानं नाहीत, मग अन्न कोण करतं?’ हा प्रश्न टाका. तिच्या सालीच्या बाहेरच्या थराखाली हिरवा थर असतो आणि तोही थोडंफार प्रकाशसंश्लेषण करतो. पण साल खरवडून दाखवायची नाही. आधीच लोकांनी नावं कोरलेली असतात. तिथे जखम कशी भरून आली आहे, कडेने साल कशी गोळा झाली आहे, ते दाखवा.

वड. पारंबी मूळ की फांदी? मुलांना पुरावा मागा: पेरं आहेत का, पानं फुटली आहेत का, टोक कुठे चाललंय. वाटेत केवडा भेटला तर थांबाच, त्याच्या हवेतल्या जाड मुळांच्या टोकाला मूलटोपी नुसत्या डोळ्यांना दिसते.

पाने-पर्णिकांचा एक सापळा आहे, तो वेगळा लिहिते.

---

सोनसावर

सापळा असा. तोडायचं नाही म्हणून आपण मुलांना पडलेली पानं गोळा करायला सांगतो. कडुनिंबाखाली मुलगा एक दातेरी तुकडा उचलतो आणि ‘पान’ म्हणून वहीत चिकटवतो. ते पान नाही, ती पर्णिका. कडुनिंबाच्या पर्णिका सुट्या गळतात आणि मधला दांडा वेगळा पडतो. मुलं तो दांडा काडी समजून टाकून देतात. म्हणजे अख्खं पान पायाखाली पसरलेलं असतं आणि कुणाच्याच वहीत येत नाही.

ओळखायची खूण एकच: देठ जिथे फांदीला चिकटतो त्या बेचक्यात डोळा असतो. डोळा म्हणजे बारीकशी कळी, माळी कलम बांधताना वापरतात तीच. जिथे डोळा, तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो. ही खूण गळलेल्या पानावर सापडत नाही, कारण डोळा फांदीवरच राहतो. म्हणून साधं की संयुक्त हे झाडावर, फांदी न ओढता, नजरेच्या उंचीवरच्या डहाळीत बघायचं आणि पडलेलं पान फक्त आकार, शिरा, कडा यांसाठी वापरायचं.

याच खुणेने पुढची गंमत उघडते. रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ बघा. कोयत्यासारखं वाकडं जे दिसतं ते पानाचं पातं नाहीच, देठ चपटा होऊन पानाचं काम करतोय. बी नुकतंच रुजलेलं रोप सापडलं तर पहिली एक-दोन पानं बाभळीसारखी बारीक पर्णिकांची दिसतात आणि पुढे देठ रुंद होत गेलेला दिसतो. सातवीच्या परीक्षेत हे येणार नाही, पण डोळ्याची खूण ज्याला कळली त्याला हे अवघड जात नाही.

कार्यपत्रिका अर्ध्या पानाची, सहा प्रश्नांची. ‘नाव लिहा’ हा प्रश्न एकही नको. नाव पाटीवर आहे, ते तुम्हीच छापून द्या. प्रश्न असे हवेत: ‘हे पान संयुक्त आहे असं तुम्ही कशावरून म्हणता? जिथे बघितलं ती जागा चित्रात बाणाने दाखवा.’ पेन नको, पेन्सिल हवी, तीही दोऱ्याने पुठ्ठ्याला बांधलेली. खोक्याच्या पुठ्ठ्याचे २५ बाय ३५ सेंमीचे तुकडे आणि कपड्यांचे चिमटे, एवढ्यात लिहायची पाटी होते.

भिंगं १२ कमी पडतील, तिघांत एक धरलं तर २० लागतील. मुलं भिंग हात लांब करून वस्तूवर धरतात आणि ‘काही दिसत नाही’ म्हणतात. दहापटीचं छोटं भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि वस्तू हळूहळू जवळ आणायची, अडीच-तीन सेंमीवर ती स्पष्ट होते. हे शाळेत आदल्या दिवशी शिकवा, बागेत शिकवलं तर दहा मिनिटं त्यातच जातात.

---

कोनमापक

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. सातवीला त्रिकोणमिती नाही, पण दोन पद्धती बसतात.

सावलीची पद्धत. एक मीटरची काठी उभी धरा, तिची सावली मोजा, त्याच वेळी झाडाची सावली मोजा. झाडाची उंची = झाडाची सावली भागिले काठीची सावली, दोन्ही मीटरमध्ये. समजा काठीची सावली ०.९१ मीटर आणि झाडाची १०.९ मीटर, तर उंची साधारण १२ मीटर. गुणोत्तर-प्रमाण आलं की झालं.

‘त्याच वेळी’ या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. मुंबईत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी दहाला मीटरभर काठीची सावली दीड मीटरच्या आसपास असते, अकराला ती १.१३ वर येते आणि साडेबारा-पाऊणच्या सुमारास सर्वांत आखूड, ९१ सेंमीच्या आसपास. म्हणजे १२ मीटरच्या झाडाची सावली दहा ते अकरा या तासात जवळजवळ पाच मीटरने आखडते, मिनिटाला आठ सेंमी. एका गटाने काठी मोजली, मग टेप शोधला, मग दहा मिनिटांनी झाड मोजलं, की सावलीत ८० सेंमीचा घोळ झाला. दोन जोड्या करा, एक काठीपाशी, एक झाडापाशी, आणि शिक्षकाच्या ‘आता’वर दोघांनी जमिनीवर खडूने खूण करायची. मोजणी नंतर सावकाश. हे मोजमाप दुपारी बारानंतरच्या फेरीला ठेवलं तर आणखी बरं, तेव्हा सावली फार हळू सरकते.

दुसरी अडचण जागेची. राणीच्या बागेत झाडी दाट, सावल्या एकमेकींत मिसळतात. वड किंवा वर्षावृक्षासारखं पसरट झाड यासाठी निवडू नका. त्याच्या सावलीची कड ही शेंड्याची सावली नसते, बाजूच्या फांदीची असते. मोकळ्या वाटेकडेला उभा एखादा ताड किंवा पाम घ्या. शेंडा एकच, सावली सरळ. सावली बुंध्याच्या मध्यापासून मोजायची हे विसरू नका. बुंध्याच्या कडेपासून मोजली की अर्ध्या व्यासाएवढी सावली कमी भरते आणि उंचीही कमी येते.

४५ अंशांची पद्धत, ढगाळ दिवसासाठी. चौरस कागद कर्णावर दुमडून काटकोन त्रिकोण करा. तिरप्या बाजूला सेलोटेपने शीतपेयाची नळी चिकटवा. नळीतून बघायच्या टोकाशी दोरा बांधून खाली खोडरबर लोंबवा. नळीतून शेंडा दिसतोय आणि दोरा त्रिकोणाच्या उभ्या बाजूला समांतर आहे, अशी जागा मिळेपर्यंत मागे-पुढे सरकायचं. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर अधिक बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची म्हणजे झाडाची उंची. अंतर १६.२० मीटर, डोळ्यांची उंची १.३५, तर झाड १७.५५ मीटर. डोळ्यांची उंची मिळवायची हे निम्मे गट विसरतात. वाऱ्याने दोरा हलतो, म्हणून एकाने बघायचं आणि दुसऱ्याने बाजूने दोरा वाचायचा. जमीन चढ-उताराची असेल तर ही पद्धत सोडून द्या.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात, वनखात्याची तीच रीत. टेप बुंध्यामागे नकळत तिरका होतो आणि घेर जास्त भरतो, तेव्हा तिघांनी तीन बाजूंनी टेप आडवा धरायचा. शिंप्याची १५० सेंमीची पट्टी मोठ्या झाडाला पुरत नाही. १० मीटरचा फायबरचा टेप आणा. घेर भागिले ३.१४ म्हणजे व्यास: ३.७७ मीटर घेर, तर व्यास १.२ मीटर. गोरखचिंचेला हे गणित लावताना मुलांना आधी तिचा बुंधा हाताने चाचपायला सांगा. खाचाखळगे असलेल्या बुंध्याचा घेर भागला की व्यास खरा असतो त्याहून जास्त येतो.

एक कळकळीची विनंती. ‘घेर भागिले अमुक म्हणजे झाडाचं वय’ असलं सूत्र मुलांना देऊ नका. ते काही थंड देशांतल्या, ठरावीक जातींच्या झाडांसाठी ढोबळमानाने चालतं. गोरखचिंचेचा बुंधा आतून पोकळ होत जातो आणि पाणी कमी-जास्त होईल तसा थोडा फुगतो-आकसतोही. तिथे हे सूत्र निव्वळ चुकीचं उत्तर देतं आणि मुलं ते आयुष्यभर लक्षात ठेवतात.

---

हिरवळ_मळा

चौथा प्रश्न आणि काही बागकामाच्या बाजूने.

पिशवीचा प्रयोग बागेत करायचा तर उद्यान विभागाची लेखी परवानगी हवी. अर्जात तारीख, मुलांची संख्या, नेमकं काय करणार (‘दोन डहाळ्यांना दीड तास पारदर्शक पिशवी, नंतर काढून नेणार’) हे लिहा. परवानगी नाही मिळाली तर शाळेच्या आवारात करा, प्रयोगाचं काही बिघडत नाही.

करायची रीत: २० बाय ३० सेंमीची पूर्ण पारदर्शक पिशवी, आठ-दहा पानांची उन्हातली डहाळी, पानं कोरडी. सकाळी दव असतं, ते तसंच आत बांधलं तर दिसणारं पाणी दवाचं असतं आणि प्रयोग काहीच सांगत नाही. म्हणून पानं मऊ फडक्याने टिपून घ्या. तोंड सुतळीने घट्ट, देठाभोवती थोडा कापूस. शेजारी तशीच पिशवी वाळक्या काटकीवर बांधा. ही तुलना नसेल तर एखादं हुशार मूल विचारणारच की पाणी हवेतलं कशावरून नाही. तिसरी पिशवी सावलीतल्या डहाळीला. तास-दीड तासाने उन्हातल्या पिशवीत थेंब, सावलीतल्या पिशवीत नुसतं धुकं, काटकीवरची कोरडी. पिशवी दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आत उष्णता कोंडून पानं करपतात. कोरफड, निवडुंग, शेर असली झाडं निवडू नका. त्यांची पर्णरंध्रं (वाफ बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रं) दिवसा बहुतेक बंद असतात. पावसाळ्यात हा प्रयोग फसतो, कारण दमट हवेने काटकीवरची पिशवीही ओली होते. डिसेंबर योग्य.

आता सुरक्षितता. मुलांना एकच नियम पाठ करून घ्या: बागेतली कुठलीही गोष्ट तोंडात घालायची नाही. विषारी झाडांची लांबलचक यादी देऊन उपयोग नाही, पण शिक्षकांना ही ओळखता आली पाहिजेत: कण्हेर, बिट्टी (पिवळी कण्हेर), गुंज, एरंड, चंद्रज्योत, धोतरा, सायकसच्या बिया. चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, मुलं एकमेकांना वाटून खातात आणि मग उलट्या-जुलाब होतात. गुंजेची लाल-काळी बी खिशात भरायला सगळ्यांनाच आवडते. ती फुटली किंवा चावली गेली तर घातक. चिकाच्या झाडांना हात लागला की डोळे चोळण्याआधी हात धुवायचे. प्रत्येक गटाबरोबर साबणाचा तुकडा आणि दोन लिटर पाणी असू द्या.

मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असू शकतं. आधी जाणाऱ्या शिक्षकाने माळ्यांना विचारून घ्यायचं की सध्या कुठे आहे. पाट्या वाचण्यापेक्षा माळ्यांशी बोलल्याने जास्त कळतं. त्या दिवशी मुलांनी अत्तर, उग्र वासाचं तेल लावून यायचं नाही. ज्यांना दमा किंवा कीटकदंशाची ॲलर्जी आहे त्यांची नावं आणि औषधं त्या-त्या गटाच्या शिक्षकाकडे, एका बॅगेत एकत्र नव्हे.

पेंग्विन नंतर. राणीची बाग १८६२ साली खुली झाली तीच मुळी झाडांची बाग म्हणून. प्राणी पुढे आले. पण मुलांच्या डोक्यात पेंग्विनच असतात. जेवणानंतर दोन वाजता नक्की नेणार, हे आदल्या दिवशी वर्गात सांगून टाका.

---

कोनमापक

पेंग्विनच्या बाबतीत मी वेगळं सांगेन. दुपारी तिथे रांग वाढते आणि साडेतीनची बस गाठायची घाई होते. सकाळी दारात शिरल्या-शिरल्या अर्ध्या तासात आटोपता आलं तर मुलं मोकळ्या मनाने झाडांकडे वळतात.

---

हिरवळ_मळा

रांगेचा मुद्दा रास्त आहे. पण सकाळची वेळ गेली की कैलासपतीची ताजी फुलं गेली आणि ऊन चढलं. ५८ मुलांचा अर्धा तास म्हणजे प्रत्यक्षात पाऊण-एक तास होतो. रांगेची भीती असेल तर सोमवार-मंगळवार धरा, शनिवार-रविवार नको.

---

शाळेची_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. चार झाडं नक्की केली, पिशवी शाळेतच बांधणार, पेंग्विन दोन वाजता, सहल मंगळवारी. सावलीची मोजणी चौथ्या फेरीला म्हणजे बारानंतर येईल अशी चारही गटांची एकत्रच ठेवते, एका पामपाशी.

दोन गोष्टी राहिल्या. परत आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली काय दाखवता येईल? आणि मुलं पानं आणतील ती दरवर्षी काळी पडतात, बुरशी येते. काय चुकतं?

---

सोनसावर

सूक्ष्मदर्शकासाठी बागेतलं काही आणूच नका. शाळेत कुंडीत रिओ लावा, पान वरून हिरवं, खालून जांभळं. पान तिरकं दुमडून फाडलं की जांभळा पातळ पापुद्रा सुटतो. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, वर कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवत सोडायची म्हणजे बुडबुडे येत नाहीत. शंभरपटीला जांभळ्या पेशींमध्ये पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या स्पष्ट दिसतात, रंगद्रव्य लागत नाही. पापुद्रा जाड निघाला तर सगळं काळपट दिसतं. अशा वेळी तुकड्याच्या पातळ होत गेलेल्या कडेला बघा. मग कव्हरस्लिपच्या एका बाजूला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, दुसऱ्या बाजूने टिपकागदाने ओढून घ्या. दोन-चार मिनिटांत जांभळा रंग पेशीभित्तिकेपासून सुटून आत आकसतो. पेशीभित्तिका जागेवर आणि आतलं आकसलेलं, दोन्ही वेगवेगळी दिसतात. दोन सूक्ष्मदर्शकांवर ५८ मुलं म्हणजे वेळ लागेल. दोन तासिका धरा.

नखपॉलिशचा ठसाही चालतो, पण पान गुळगुळीत हवं. पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन पॉलिशचा पातळ थर, दहा मिनिटं पूर्ण वाळू द्यायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलायची आणि काचपट्टीवर लावायची. कण्हेरीवर हा ठसा फसतो. तिची पर्णरंध्रं केसाळ खळग्यांत दडलेली असतात, पॉलिश तिथवर पोचत नाही.

पानं काळी पडतात ती हळू वाळल्यामुळे. मुलं जाड पुस्तकात ठेवतात आणि महिनाभर उघडत नाहीत. गुळगुळीत कागद ओल शोषत नाही. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवा, पानाच्या खाली-वर चार-चार पदर, पानं एकमेकांवर चढू न देता. वर फळी आणि आठ-दहा किलो वजन. पहिले तीन दिवस रोज कागद बदलायचा, पुढे एक दिवसाआड. सात ते दहा दिवसांत पान कडक होतं. गालाला लावल्यावर गार लागलं तर अजून ओल आहे, परत ठेवा. जाड, मांसल पानं यात घेऊच नका. काही पानं थोडी उलटी ठेवा, म्हणजे खालच्या बाजूच्या शिराही दिसतात. चिकटवायला डिंक थोडाच; पानभर फासला तर त्यावरच बुरशी धरते, पांढऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्यांनी देठ आणि टोक पकडलेलं उत्तम. आणि प्रत्येक पानाशेजारी तारीख, जागा, आणि पान जमिनीवरून उचललं हे लिहायला लावा.

---

हिरवळ_मळा

एक भर. मंगळवारी गेलात तर पानं त्याच संध्याकाळी कागदात जायला हवीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बसमध्ये तीन तास ठेवलेली पानं घरी पोचेपर्यंत घामेजून डागाळतात. निघतानाच प्रत्येक गटाला जुन्या वर्तमानपत्राची एक वही शिवून द्या, जागेवरच त्यात घालता येतील.